आई ब्रह्मदेशी, वडील रजपूत, पाय बंगळुरूचे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बंगळुरूत दोन मुलं जन्मली. मुलीचे वडील जर्मन ज्यू डॉक्टर, आई हिंदू. मुलाचे वडील रजपूत, आई ब्रह्मदेशची. दोघांनाही नाचाचं वेड लागलं आणि दोघंही हे गाव सोडून गेली. एक हिंदी सिनेमाच्या पडद्यावर पोचली, दुसरा लंडन-न्यूयॉर्कच्या रंगमंचावर. मुलीचं नाव अझुरी, मुलाचं नाव रामगोपाल.

आज बंगळुरूच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्यावर किंवा सीएमएच रोडवर मान वर करून चाललात, तर खाली कॉफीची दुकानं आणि वरच्या मजल्यावर नाचाचे वर्ग दिसतात. एका जिन्यावर साल्साची पाटी, पुढच्या गल्लीत भरतनाट्यमची. शिकायला येणारी मुलंही तशीच: आई मंगळुरूची, वडील पंजाबी, आजी कोकणी, आजोबा केरळी, कुणाची आई थेट फ्रान्सची. त्यांना 'तू नक्की कुठली?' हा प्रश्न रोज येतो. त्यांच्या हाती द्यायला ही गोष्टींची पुरचुंडी आहे. इंदिरानगरपासून सुरू होते आणि खंडाळा, तंजावर, सासष्टी, यल्लापूर असं करत हिंडते.

अझुरी, कुक्कू, हेलन: एक साखळी

अझुरीचं जन्मनाव अॅना मारी. आडनाव इतकं जर्मन की पडद्यावर ते टिकणं शक्यच नव्हतं. मुंबईला आल्यावर अतिया फैजी यांच्या 'थ्री आर्ट्स सर्कल' या कलामंडळात तिचा वावर सुरू झाला आणि तिथून ती सिनेमात गेली. १९४१ चा 'नया संसार', १९४६ चा 'शाहजहान' अशा चित्रपटांतून ती नाचली. कथेतली नायिका वेगळी, आणि मध्येच येऊन पडदा ताब्यात घेणारी नर्तकी वेगळी, ही हिंदी सिनेमाची पद्धत रुळवणाऱ्या पहिल्या काही जणींत अझुरी होती. फाळणीनंतर ती पाकिस्तानात गेली, रावळपिंडीत नृत्य शिकवू लागली आणि १९९८ साली वारली. बंगळुरूत जन्मलेली अर्धी जर्मन मुलगी रावळपिंडीत भारतीय शास्त्रीय नृत्य शिकवते, ही गोष्ट मला कुठल्याही कादंबरीपेक्षा मोठी वाटते.

तिच्या मागोमाग आली कुक्कू मोरे, अँग्लो-इंडियन. १९४९ चा 'अंदाज', १९५१ चा 'आवारा' यांसारख्या चित्रपटांत कुक्कूचा नाच असणं म्हणजे तिकीटबारीची हमी. कुक्कूनं एका कोवळ्या मुलीला समूहनृत्यात उभं केलं. ती रंगूनमध्ये जन्मलेली, आई ब्रह्मदेशी, घराणं अँग्लो-इंडियन. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा आल्या तेव्हा हे कुटुंब ब्रह्मदेशातून पायी चालत आसामात पोचलं होतं. ही मुलगी हेलन.

१९५८ च्या 'हावडा ब्रिज'मध्ये हेलन चिनी नर्तकी झाली. म्हणजे अर्धी ब्रह्मदेशी, अर्धी अँग्लो-इंडियन मुलगी चिनी वेशात, आवाज बंगाली गीता दत्तचा, चाल लाहोरच्या ओ. पी. नय्यरची. पुढे वीस-एकवीस वर्षांनी तिला सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो 'लहू के दो रंग' या चित्रपटासाठी. नाव आठवून बघा! २००९ साली पद्मश्री.

या साखळीत एक बोचणारी गोष्टही आहे. नायिकेची 'घरंदाज' प्रतिमा जपायची म्हणून कंबर हलवायचं काम या मुलींकडे दिलं गेलं. पटकथेत त्यांची नावं रोझी, किटी, सूझी. सिनेमा संपेपर्यंत त्यांच्यापैकी कुणी जिवंत राहिलीच तर नशीब. प्रेक्षकांनी शिट्ट्या त्यांना दिल्या आणि हार नायिकेला घातला. कथ्थक, भरतनाट्यम, मणिपुरी असं रीतसर शिकलेल्या हेलनला 'कॅब्रे डान्सर' एवढ्याच खणात ठेवणं हा अन्याय होता, आणि तो आपण प्रेक्षकांनीही केला.

टॉर्की कॅसलचा गरुड

इंदिरानगरहून हलसूर तळ्याच्या बाजूनं वर गेलं की कॅन्टोन्मेंटच्या जुन्या वस्त्या लागतात: फ्रेझर टाऊन, कूक टाऊन, बेन्सन टाऊन. बेन्सन टाऊनमध्ये 'टॉर्की कॅसल' नावाच्या बंगल्यात रामगोपाल वाढला. नाव इंग्लंडातल्या समुद्रकाठच्या गावाचं, मालक रजपूत, मालकीण ब्रह्मदेशी, आणि दारापुढचा रस्ता कानडी-तमिळ-उर्दू बोलणारा.

वडिलांना मुलगा नाचतो हे पसंत नव्हतं. म्हैसूरच्या युवराजांनी मात्र या पोराचा नाच पाहिला आणि पाठीवर हात ठेवला. मग तो गुरू शोधत निघाला. कथकळी कुंजू कुरूप यांच्याकडे, भरतनाट्यम पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे, कथ्थक जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे. त्या काळी एकाच माणसानं एकाच संध्याकाळी कथकळी, भरतनाट्यम, कथ्थक आणि मणिपुरी सादर करणं हे नवल होतं. रामगोपालनं तेच केलं.

१९३० च्या दशकात ला मेरी नावाची अमेरिकन नर्तकी भारतात आली आणि त्याला आशियाच्या दौऱ्यावर सोबत घेऊन गेली. (ला मेरीचं खरं नाव रसेल मेरिवेदर ह्यूज. तेव्हाच्या नृत्यजगात खऱ्या नावानं नाचणारं माणूस शोधावं लागतं.) १९३८ मध्ये न्यूयॉर्क, १९३९ मध्ये लंडनचं ऑल्डविच थिएटर. न्यूयॉर्कमध्ये कार्ल व्हॅन व्हेक्टननं त्याचे फोटो काढले. सोनेरी मुकुट, उघडी छाती, मनगटापासून पसरलेले गरुडाचे पंख. त्याचा 'गरुड' पाहायला माणसं परत परत येत.

पाश्चात्त्य समीक्षकांनी त्याला 'भारताचा निजिन्स्की' म्हटलं. ही उपमा त्यांच्या नकळत फार नेमकी बसली, कारण निजिन्स्की हा 'रशियन' नर्तकही कीव्हमध्ये पोलिश आईवडिलांच्या पोटी जन्मलेला होता.

पण मला सगळ्यात आवडते ती १९६० सालची जोडी. त्या वर्षी रामगोपालनं 'राधाकृष्ण' हे युगुलनृत्य केलं. राधा होती इंग्लंडच्या सर्वांत नावाजलेल्या बॅले नर्तकींपैकी एक, अॅलिशिया मार्कोव्हा. आता मार्कोव्हाचं मूळ नाव लिलियन अॅलिशिया मार्क्स. वडील ज्यू, आई आयरिश. दियागिलेव्हच्या रशियन बॅलेत शिरताना मार्क्सची मार्कोव्हा झाली. म्हणजे बघा, कृष्ण अर्धा ब्रह्मदेशी, राधा अर्धी आयरिश अर्धी ज्यू, आणि दोघं मिळून वृंदावन उभं करतात, तेही परदेशी रंगमंचावर. त्या नृत्यात काय 'शुद्ध' होतं असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: तालीम.

युद्धाच्या काळात रामगोपाल बंगळुरूला परतला होता, तेव्हा त्याच्या सोबत नाचणाऱ्यांत एक तरुण मुलगी होती, मृणालिनी स्वामिनाथन. तेव्हा भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम करणारा एक अहमदाबादचा तरुणही याच गावात होता. १९४२ मध्ये दोघांचं लग्न झालं. मृणालिनी आणि विक्रम साराभाई. मल्लेश्वरमची माया राव ही कोकणी घरातली मुलगीही सोहनलाल यांच्याकडेच कथ्थक शिकली, पुढे मॉस्कोला नृत्यरचनेचं शिक्षण घेऊन आली आणि १९८७ पासून बंगळुरूतच कथ्थक आणि नृत्यरचनेची संस्था चालवत राहिली.

रामगोपाल २००३ साली लंडनजवळ वारला. १९९९ मध्ये ब्रिटननं त्याला ओबीई दिलं. 'र्‍हिदम इन द हेवन्स' हे त्याचं आत्मकथन १९५७ चं. बेन्सन टाऊनच्या रस्त्यावर त्याच्या नावाची एखादी ठसठशीत पाटी हवी, असं मला मनापासून वाटतं.

वडील मोजले, आई नाही

इंदिरानगर मेट्रो स्थानकातून जांभळ्या मार्गिकेवर पूर्वेला बसा आणि शेवटपर्यंत जा. व्हाइटफील्ड येतं. आज ते आयटीचं गाव, पण १८८२ मध्ये ते वसवलं गेलं ते युरेशियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेतीवस्तीसाठी. डी. एस. व्हाइट हे त्यांचे पुढारी, जमीन दिली म्हैसूरच्या चामराज वाडियार महाराजांनी. मधोमध गोल मैदान आणि भोवती बंगले, असा गावाचा नकाशा. 'इनर सर्कल' नावानं तो गोल अजून आहे.

मिश्र वंशाच्या माणसांची भारतीय राज्यघटनेत व्याख्याही आहे, हे किती जणांना माहीत आहे? अनुच्छेद ३६६, खंड २. वडील किंवा वडिलांकडून वरचा कुठलाही पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा, आणि जन्म भारतात स्थायिक झालेल्या कुटुंबात, तर तो अँग्लो-इंडियन. लोकसभेत या समाजाचे दोन सदस्य नेमले जात. ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली.

व्याख्या पुन्हा वाचा. आईचा उल्लेखच नाही. म्हणजे जर्मन वडिलांची अझुरी या चौकटीच्या आसपास येते. पण इंग्रज आईची मुलगी, वडील बंगाली, ती मात्र बाहेर. रक्त निम्मं-निम्मंच, तरी कागदावर एक आत आणि एक बाहेर. नृत्याच्या जगात याउलट. तिथे पहिला प्रश्न गुरू कोण हा असतो, आणि उत्तर 'लखनौचे अच्छन महाराज' किंवा 'पंदनल्लूरचे पिळ्ळै' असं आलं की तुमची कुळी ठरली. आई कुठली, वडील कुठले, ही चौकशी नंतरची. मिश्र घरांतली इतकी माणसं नाचाकडे का वळली याचं एक कारण मला इथे दिसतं. गुरूकडून मिळालेली वंशावळ कुणी हिरावून घेऊ शकत नाही.

आणि जाता जाता 'एचएएल सेकंड स्टेज' या पत्त्याबद्दल. इंदिरानगरचा मोठा भाग या नावानं ओळखला जातो. एचएएल हा विमानांचा कारखाना १९४० मध्ये काढला तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. युद्धात तो अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि तिथे त्यांच्या विमानांची दुरुस्ती होऊ लागली. त्याच वर्षांत अमेरिकी सैनिक जगभर स्विंगच्या तबकड्या आणि जाइव्हच्या पावलांचा प्रसार करत हिंडत होते. जाइव्ह म्हणजे मुळात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांचा लिंडी हॉप. अँग्लो-इंडियन घरांनी हा नाच असा उचलला की लग्नाच्या हॉलमध्ये तो अजून आजोबांपासून नातवापर्यंत सगळे करतात. आपल्याकडे भुसावळ, इगतपुरी, दौंड इथल्या रेल्वे वसाहतींतली जुनी माणसं रेल्वे इन्स्टिट्यूटच्या लाकडी जमिनीवरच्या अशा रात्रींबद्दल सांगतात तेव्हा त्यांचे पाय खुर्चीतल्या खुर्चीत हलायला लागतात.

खंडाळ्याची मेनका

मघाच्या व्याख्येतली ती 'चौकटीबाहेरची' मुलगी कोण, तर लीला रॉय. जन्म १८९९, बारीसाल, आजच्या बांगलादेशात. आई इंग्रज, वडील बंगाली बॅरिस्टर. इंग्लंडात शिकताना ती व्हायोलिन वाजवायची. लग्न केलं पंजाबी शीख डॉक्टर साहिबसिंग सोखी यांच्याशी. सोखी पुढे मुंबईच्या परळमधल्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत पंडित सीताराम प्रसाद यांच्याकडे, मग अच्छन महाराज आणि लच्छू महाराजांकडे तिनं कथ्थक शिकलं. मोठ्या घरातल्या बायकांनी कथ्थक करायचं नाव काढू नये असे ते दिवस. अॅना पाव्हलोव्हा या रशियन नर्तकीनं तिला धीर दिला. आणि तिनं नाव घेतलं मादाम मेनका. 'मादाम' फ्रेंच, 'मेनका' इंद्राच्या दरबारातली.

मेनकेनं केलेली गोष्ट लहान नाही. कथ्थक तोवर एकट्याचा नाच. तिनं त्याची नृत्यनाट्यं बांधली, पात्रं दिली, वेशभूषा दिली, कथा दिली: 'कृष्णलीला', 'देवविजय नृत्य', 'मालविकाग्निमित्र'.

१९३६ च्या उन्हाळ्यात ती आपला संच घेऊन युरोपात होती. बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या सुमारास आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली. तिथे मेनकेच्या संचाला पारितोषिक मिळालं. आता मागचं वर्ष आठवा. सप्टेंबर १९३५ मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्गचे कायदे झाले होते; कुणाच्या आजी-आजोबांत कोण ज्यू, हे मोजून माणसाचं नागरिकत्व ठरवलं जात होतं आणि मिश्र विवाह गुन्हा ठरला होता. त्या राजधानीत अर्ध्या इंग्रज अर्ध्या बंगाली बाईनं, शिखाची बायको असलेल्या बाईनं, लखनौचं कथ्थक नाचून शाबासकी घेतली. टाळ्या वाजवणाऱ्यांनी तिच्यात 'प्राचीन शुद्ध पूर्व' पाहिला असणार. पाहू द्या. त्या रात्री रंगमंचावर उभं होतं ते त्यांच्या कायद्याचं जिवंत खंडन. रिखार्ड आइखबर्गच्या १९३८ च्या 'टायगर ऑफ एश्नापूर' या जर्मन चित्रपटातही मेनकेचा संच दिसतो.

परत आल्यावर तिनं नृत्यशाळा काढली ती कुठे, तर आपल्या खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर. नाव 'नृत्यालयम'. तिथे कथ्थक, कथकळी, मणिपुरी असे वेगवेगळ्या प्रांतांचे गुरू एकाच आवारात राहत आणि शिकवत. पारशी घरातली शिरीन वजिफदार इथे शिकली. पावसात खंडाळ्याला धबधबे बघायला जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्याला अडीच महिने उरले असताना, मेनका वारली.

तिची पुण्याई मात्र मराठी घरात उतरली. मुंबईची दमयंती जोशी लहानपणीच मेनकेकडे आली. मेनका आणि सोखी यांनी तिला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, आणि दमयंतीची आईही त्यांच्याच घरी राहायला आली. म्हणजे घरात बंगाली-इंग्रज गुरुमाता, शीख वडीलधारे, मराठी मायलेकी. दमयंती परकर-पोलक्याच्या वयात युरोप नाचून आली. पुढे कथ्थक साडी नेसून करायची चाल पाडणाऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं. १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० मध्ये पद्मश्री. आणि आपल्या गुरूचं चरित्र तिनंच लिहिलं, 'मादाम मेनका'.

तीन पिढ्या, एक घुंगरू

झटपट एक कुटुंब. अमेरिकेच्या मिशिगनमध्ये जन्मलेली एस्थर शेर्मन भारतीय नृत्याच्या प्रेमात पडली, रामलाल बाजपेयी यांच्याशी लग्न केलं, नाव घेतलं रागिणीदेवी आणि लोकांना आपण जन्मानंच हिंदू आहोत असं सांगू लागली. १९३० च्या दशकात केरळात जाऊन कथकळीचे प्रयोग जगापुढे नेणाऱ्यांत ती होती. तिची मुलगी इंद्राणी पंधराव्या वर्षी पळून गेली आणि बंगाली मुस्लिम वास्तुशिल्पी हबीब रहमान यांच्याशी तिनं लग्न केलं. १९५२ मध्ये, लग्न झालेली आणि आई असलेली इंद्राणी रहमान 'मिस इंडिया' झाली आणि जगातल्या पहिल्यावहिल्या 'मिस युनिव्हर्स' स्पर्धेत भारतातर्फे उभी राहिली. ओडिशाबाहेर ओडिसी फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं तेव्हा ते देशोदेशी नेलं तेही तिनंच. तिची मुलगी सुकन्याही नर्तकी. आजीला जे लपवावंसं वाटलं ते नातीनं पुस्तक लिहून सगळ्यांना सांगितलं. मला या घरातली ही शेवटची उडी सगळ्यात देखणी वाटते.

दुसरं कुटुंब आपल्या जवळचं. लीला सॅमसन, भरतनाट्यममधलं आजचं मोठं नाव. वडील नौदलातले अॅडमिरल बेंजामिन सॅमसन, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख राहिलेले, आणि बेने इस्रायली. म्हणजे कोकणात शतकानुशतकं राहून मराठी बोलणारे, घाणे चालवून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले आपले ज्यू. आई कॅथलिक. ही मुलगी लहानपणी चेन्नईच्या कलाक्षेत्रात दाखल झाली आणि २००५ मध्ये त्याच संस्थेची संचालक झाली. देवळाशी नातं सांगणाऱ्या नृत्याचं सर्वांत मोठं विद्यालय ज्यू-कॅथलिक घरातल्या मुलीच्या हाती आलं. ज्यांना हे रुचलं नाही त्यांनी संस्थापिकेचं घर आठवावं: रुक्मिणीदेवींनी १९२० मध्येच जॉर्ज अरुंडेल या इंग्रजाशी लग्न केलं होतं.

खुद्द भरतनाट्यमचं गोत्र काढलं तर?

इंदिरानगर संगीत सभेच्या पुरंदर भवनासारख्या सभागृहात बसून आपण भरतनाट्यम बघतो आणि मनात म्हणतो, अस्सल तमिळ. अस्सल आहेच. पण त्यात मराठी मीठ किती आहे ते बघा.

१६३८ च्या सुमारास शहाजीराजे बंगळुरूचे जहागीरदार झाले. त्यांचे पुत्र व्यंकोजी इथूनच दक्षिणेला गेले आणि १६७० च्या दशकात तंजावरच्या गादीवर बसले. पुढची पावणेदोनशे वर्षं तमिळ देशात मराठी दरबार. त्या दरबारात तेलुगू, तमिळ, मराठी, संस्कृत अशा भाषांत नृत्यासाठी रचना झाल्या. सरफोजीराजे दुसरे यांच्या नावावर मराठी 'निरूपणं' आहेत, क्रमानं नाचायच्या मराठी रचना. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार तमिळ भावांनी, म्हणजे 'तंजावर चतुष्टया'नं, मराठी राजांच्या आश्रयानं अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा तो क्रम बसवला जो आज प्रत्येक अरंगेत्रमला दिसतो. जुन्या 'शब्दम' रचनांच्या शेवटी राजाला 'सलाम' असे, फारसी दरबारी शब्दासकट. वडिवेलु व्हायोलिन, म्हणजे अस्सल युरोपीय वाद्य, इतकं सुरेख वाजवत की त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन दिलं. नाचाच्या साथीला क्लॅरिनेटही आलं. थोरले भाऊ चिन्नय्या म्हैसूर दरबारी गेले आणि तो नाच पुन्हा कन्नड मुलखात रुजला.

एक फाटा गुजरातकडेही गेला. १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या मराठी मुलीशी झालं, आणि तिच्यासोबत गौराबाई-कांतिमती यांचा नर्तकींचा ताफा बडोद्याला आला. गुजराती प्रजेसमोर, मराठी राजाच्या वाड्यात, तमिळ नाच!

या नृत्याला 'शुद्ध' ठेवण्याच्या गोष्टी होतात तेव्हा मला बंगळुरू-तंजावर-बडोदा हा रस्ता डोळ्यांपुढे येतो. त्या रस्त्यावर शुद्ध काही नव्हतं, आणि म्हणूनच तो नाच इतका समृद्ध झाला.

घुमटावर वॉल्ट्झ, दमामावर आफ्रिका

गोव्यात सासष्टीच्या जुन्या बंगल्यांत एकोणिसाव्या शतकात मांडो आकाराला आला. स्त्रिया एका ओळीत, पुरुष समोरच्या ओळीत, पावलं युरोपातल्या दरबारी नाचांची, साथीला व्हायोलिन, पण ताल घोरपडीच्या कातड्याच्या घुमटाचा आणि भाषा कोकणी. बायकांच्या हातात पंखा, अंगावर मखमली तोरोप-बाजू. संथ विरहगीतं संपली की द्रुत दुलपदं सुरू होतात आणि सगळं घर नाचतं. लुझो-इंडियन, म्हणजे पोर्तुगीज-भारतीय मिश्र घरं, ख्रिस्ती ब्राह्मण घरं, पोर्तुगीज अधिकारी, सगळ्यांच्या दिवाणखान्यांतून हा नाच फिरला.

इंदिरानगरातल्या साल्सा वर्गाचंही असंच आहे. स्पेनची गिटार, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे ढोल, क्युबाचा 'सोन', आणि न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन वस्त्या. तिथे १९६०-७० च्या दशकांत साल्सा हे नाव रूढ झालं. शिकवताना हे पाच मिनिटं सांगितलं तर पावलं नुसती मोजून टाकली जाणार नाहीत.

आणि आफ्रिका शोधायला क्युबाला जायची तरी काय गरज? कर्नाटकातच, उत्तर कन्नडमध्ये, यल्लापूर-हळियाळ-अंकोल्याच्या जंगलात सिद्दी राहतात. पूर्वज आफ्रिकेतून आलेले. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेले, गोव्यातून पळून डोंगरात शिरलेले असंही बरेच. आपल्या मुरूड-जंजिऱ्याचे सत्ताधीश सिद्दी होते हे शाळेत शिकतो, पण हे वनवासी भाऊबंद आपल्या पुस्तकात येत नाहीत. बोली कोकणी वळणाची, तिच्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. हिंदू सिद्दी आहेत, मुस्लिम आहेत, ख्रिस्ती आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात आफ्रिकी वारशासोबत भारतीय आणि थोडा युरोपीय वारसाही आढळला.

त्यांचा नाच दमामी, दमाम या ढोलावरून. बायका पुगडी घालतात. 'पुगडी' ऐकून आपली फुगडी आठवली ना? २००३ मध्ये कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे या समाजातले पहिले आमदार म्हणून विधान परिषदेवर आले.

१९८० च्या दशकात हेग्गोडूच्या नीनासम या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी यल्लापूर तालुक्यातल्या मंचीकेरी गावात सिद्दींबरोबर नाटक बसवलं. चिदंबरराव जंबे दिग्दर्शक. नाटक होतं नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीवरचं, कन्नडमध्ये. आफ्रिकेच्या गावातली कुस्ती, सण, मोडून पडणारं घर, हे सगळं रंगमंचावर आणलं ते पिढ्यान्‌पिढ्या कर्नाटकात राहिलेल्या आफ्रिकी वंशाच्या माणसांनी, स्वतःचे ढोल आणि स्वतःचा नाच घेऊन. शेजारच्या गावांतले जे लोक त्यांना रोज रानात लाकूडफाटा गोळा करताना पाहत, तेच त्या रात्री प्रेक्षकांत बसले होते.